लेस्ली रीगन यांचे पेपर्स क्रमाने वाचले : वारंवार मिसकॅरेज, एपीएलए, हेपरिन वगैरे (मोठा धागा)

वैजयंती_प

इथे दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच की दोन-तीन मिसकॅरेज झाली, आता डॉक्टरांनी इम्यून टेस्ट सांगितल्यात, करू का, पोटात घ्यायची इंजेक्शनं सुरू करू का. खाली उत्तरं येतात ती सगळी "आमच्या वहिनींना गुण आला" छापाची. मी मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत आहे, डॉक्टर नाही, पण कुणाचा पेपर कधी आला, त्याला पुढे कुणी काय उत्तर दिलं हे शोधून देणं हेच माझं रोजचं काम, तर या विषयातल्या एका बाईंचं काम सुरुवातीपासून ओळीने लावून वाचलं आणि ते इथे मांडतेय.

नाव लेस्ली रीगन. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या रिकरंट मिसकॅरेज क्लिनिकच्या प्रोफेसर. २०१६ ते २०१९ ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या अध्यक्ष होत्या, ६४ वर्षांनी त्या खुर्चीवर बाई बसली. पण पदं राहू देत. एकूण पेपर किती हा आकडाही मी मुद्दाम देत नाही, कारण नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही, आमच्याकडे पीजीची मुलं गाईडचा आकडा बघून हरखतात आणि त्यातला एकही पेपर वाचलेला नसतो. मी दोनच गोष्टी बघते. आपणच मांडलेलं आपणच पुन्हा तपासलं का, आणि उलटं निघालं तर ते तितक्याच ठळकपणे छापलं का. रीगनबाईंचं काम मला आवडतं ते या दोन गोष्टींसाठी.

सुरुवात केंब्रिजची. १९८९ चा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला पेपर, रीगन, ब्रॉड आणि ट्रेम्बाथ. दिवस जायच्या आधीपासून बायकांची नोंद ठेवली, म्हणजे ज्यांचं गेलं त्यांनाच नंतर गाठून विचारलं असं नाही. एकूण ४०७ गर्भारपणं, त्यातली १२ टक्के मिसकॅरेज झाली. पण हे १२ टक्के सगळ्यांना सारखे नाहीत. पहिलटकरणींमध्ये ५ टक्के, आणि आधीची सगळीच गेलेली असतील त्यांच्यात २४ टक्के. आता हा २४ आकडा नीट बघा. आधी फक्त अपयशच आलेलं असूनही चारातल्या तिघींचं पुढचं टिकलं, आणि तेही कुठलीच खास ट्रीटमेंट न घेता. पुढे कुठलंही औषध "७५ टक्के यश" सांगत आलं की मला हाच आकडा आठवतो.

त्या काळी मोठी हवा होती नवऱ्याच्या पेशी बायकोला टोचायची. थिअरी अशी की नवऱ्याच्या पेशींविरुद्ध आईच्या अंगात एक प्रकारच्या अँटीबॉडी तयार झाल्या की गर्भ सांभाळला जातो, आणि ज्यांच्यात त्या नाहीत त्यांचं पडतं. रीगन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये गर्भारपणात या अँटीबॉडी मुळात कधी दिसतात हे ओळीने मोजलं. त्या दिसतात त्या बहुतेक शेवटच्या महिन्यांत. म्हणजे जिचं आठव्या-नवव्या आठवड्यात गेलं तिच्यात त्या सापडणार कुठून, तेवढे दिवस भरलेच नाहीत ना. परिणामालाच कारण समजून ट्रीटमेंट चालू होती.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा पेपर आला की ज्या बायकांमध्ये एलएच (ओव्हरीतून बीज सुटायला लावणारं) हार्मोन जास्त, त्यांच्यात मिसकॅरेजचं प्रमाण ६५ टक्के, आणि नॉर्मल असलेल्यांत १२ टक्के. केवढा फरक! यावर एखाद्याने आख्खं करिअर काढलं असतं, एलएच दाबायची औषधं देणारी क्लिनिकं काढली असती. त्यांच्या टीमने काय केलं, १०६ बायकांची रँडमाइज्ड ट्रायल (चिठ्ठी काढून गट पाडून केलेली तुलना) घेतली, एलएच दाबून बघितलं, आणि १९९६ मध्ये छापलं की काहीही फायदा झाला नाही. मग २००० साली २१९९ बायकांचा डेटा घेऊन पीसीओचंही, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरीजचंही, तेच तपासलं. वारंवार मिसकॅरेज होणाऱ्यांत सुमारे ४१ टक्के बायकांच्या ओव्हरीज सोनोग्राफीत पॉलिसिस्टिक दिसल्या, पण त्यावरून पुढचं गर्भारपण टिकेल की नाही ते सांगता येत नाही. आपल्याच दहा वर्षांपूर्वीच्या गाजलेल्या पेपरला असं रीतसर उत्तर देणारे मी फार कमी पाहिलेत.

आणि मग ऑटोइम्यूनवालं, ज्यासाठी बहुतेक जण हा धागा उघडतील. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, आपल्याकडे सगळे एपीएलए म्हणतात. लंडनच्याच ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ मध्ये ल्युपसचे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) पेशंट बघताना हे सूत्र पकडलं की काहींच्या रक्तात काही ठराविक अँटीबॉडी असतात, त्यांच्या शिरांत गुठळ्या होतात आणि पोटातली बाळंही जातात. रीगन यांच्या क्लिनिकमध्ये डॉ. राज राय यांनी १९९५ मध्ये वारंवार मिसकॅरेज झालेल्या ५०० बायका तपासल्या, पक्क्या पॉझिटिव्ह निघाल्या १५ टक्के. त्याच वर्षी दुसरा पेपर, या अँटीबॉडी असलेल्या पण औषध न घेतलेल्या २० बायकांपैकी १८ जणींचं गेलं, म्हणजे ९० टक्के, आणि अँटीबॉडी नसलेल्या १०० जणींत ३४. मग १९९७ ची ट्रायल. ९० बायका, सरासरी चार मिसकॅरेज झालेल्या. प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आल्याबरोबर सगळ्यांना ७५ मिलिग्रॅम अॅस्पिरिन, सोनोग्राफीत हार्टबीट दिसले की चिठ्ठी काढून निम्म्यांना शिवाय रक्त पातळ करणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं, ५००० युनिट दिवसातून दोनदा, ३४ आठवड्यांपर्यंत. नुसत्या अॅस्पिरिनवर ४५ पैकी १९ बाळं, अॅस्पिरिन अधिक हेपरिनवर ४५ पैकी ३२. टक्क्यांत ४२ आणि ७१.

आज सांगली-साताऱ्यापासून सगळीकडे जी अॅस्पिरिन-हेपरिन जोडी लिहून देतात, ती मुख्यतः या पेपरवर उभी आहे. पण ट्रायलमध्ये कोण होत्या ते बघा, पक्क्या पॉझिटिव्ह असलेल्या. निगेटिव्ह असलेल्यांना द्या असं त्यात कुठेही नाही. उलट २००० मध्ये याच टीमने १०५५ बायकांवर बघितलं, कारण न सापडलेल्या सुरुवातीच्या मिसकॅरेजमध्ये अॅस्पिरिनने काही फरक पडत नाही असं निघालं.

लांबलं. बाकीचं प्रतिसादांत बोलू.

आकडेमोड

छान लिहिलंय, धाग्याबद्दल आभार. पण वैजयंतीताई, एवढ्या मोठ्या प्रॅक्टिसचा पाया ९० बायका? ३२ वजा १९, म्हणजे १३ बाळांचा फरक आहे सगळा. आणि हेपरिन टोचून घेणारीला आणि डॉक्टरला दोघांनाही माहीत असणार कुठली ट्रीटमेंट चालू आहे, पोटावर डाग दिसतातच. खोटं इंजेक्शन देऊन तुलना केलेली नाही. मी स्टॅटिस्टिक्समधला आहे, औषधातलं कळत नाही, पण एवढ्या आकड्यावर मी मार्गदर्शक तत्त्व लिहिलं नसतं. पुन्हा कुणी करून बघितलं का ते सांगा.

वैजयंती_प

@आकडेमोड, केलंय, आणि तिथे सगळंच काही एका बाजूने नाही. अमेरिकेत कुट्टे यांनी १९९६ मध्ये ५० बायकांवर केलं होतं, नुसत्या अॅस्पिरिनवर ४४ विरुद्ध हेपरिन जोडून ८० टक्के, पण ते नीट चिठ्ठ्या काढून नाही, एकीआड एक असं. मग २००२ मध्ये लिव्हरपूलचा फार्क्वारसन यांचा पेपर, ९८ बायका, नुसतं अॅस्पिरिन ७२ टक्के आणि नवीन प्रकारचं हेपरिन घालून ७८. म्हणजे फरक नाहीच म्हणा. २००९ मध्ये कॅनडात लास्किन यांनी ८८ बायकांवर, ७९ विरुद्ध ७८, तिथेही नाही. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (झालेल्या ट्रायल एकत्र करून तपासणारी संस्था) सगळं एकत्र केल्यावर हेपरिन जोडल्याने जिवंत बाळाची शक्यता साधारण सव्वापट होते असं येतं, पण पुराव्याची खात्री कमी, असं त्यांनीच स्पष्ट लिहिलंय.

माझं वाचन असं की फार्क्वारसनच्या ट्रायलमध्ये अँटीबॉडीची पातळी बऱ्याच जणींत कमी होती आणि काही जणी मध्येच दुसऱ्या गटाचं औषध घ्यायला लागल्या. रीगन-राय यांच्या बायका जास्त आजारी होत्या. नुसत्या अॅस्पिरिनवर एका ठिकाणी ४२ टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी ७२, हा फरक औषधाचा असूच शकत नाही ना, दोन्हीकडे तीच गोळी. बायकाच वेगळ्या.

आकडेमोड

हो, हे पटलं. ४२ आणि ७२ हा मुद्दा जबरी आहे. पण मग याचा दुसरा अर्थ असाही की थोड्याशा पॉझिटिव्ह असलेल्यांना हेपरिनची गरज नसावी. हे कुणी पेशंटला सांगतं का?

रक्तबिंदू

पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे इथे बोलणं भाग आहे. "थोडीशी पॉझिटिव्ह" हा सगळा घोळ लॅबमध्ये सुरू होतो. टेस्ट तीन असतात. अँटिकार्डिओलिपिन, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ च्या अँटीबॉडी, आणि ल्युपस अँटिकोअॅग्युलंट. पहिल्या दोन मशीनवर लागतात, तिसरी हाताने जपून करायची असते आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. आमच्याकडे गावातल्या कलेक्शन सेंटरवरून निळ्या टोपीची ट्यूब येते, कधी अर्धीच भरलेली, आत सायट्रेट (रक्त गोठू न देणारं) ठरलेल्या मापाचं असतं त्यामुळे रक्त खुणेपर्यंतच हवं, नाहीतर क्लॉटिंगची वेळ आपोआप चुकते. मग ते सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये दोनदा फिरवावं लागतं. एकदा फिरवून वरचा प्लाझ्मा काढायचा, तळाशी आलेला गाळ न हलवता, आणि तो परत फिरवायचा. का, तर प्लाझ्मात प्लेटलेट राहिल्या तर त्यांच्यातलं फॉस्फोलिपिड या अँटीबॉडींना चिकटतं आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. एकदाच फिरवून फ्रीज करणारी सेंटर्स मी स्वतः बघितलीत. पेशंट हेपरिनवर असेल तर तेही फॉर्मवर लिहिलेलं पाहिजे, कुणी लिहीत नाही.

दुसरं, एका रिपोर्टवर निदान होत नाही. साधा व्हायरल ताप येऊन गेला तरी कार्डिओलिपिन काही आठवडे वर दिसतं. २००६ च्या सिडनी निकषांत दोन टेस्टमध्ये १२ आठवडे अंतर सांगितलंय, त्याआधी १९९९ च्या निकषांत ६ होते. आणि कार्डिओलिपिन ४० युनिटच्या वर हवं. माझ्याकडे १४, १८ अशा आकड्यांचे रिपोर्ट घेऊन बायका येतात, आणि पोटात इंजेक्शनं चालू झालेली असतात.

नंदिनी_कोल्हापूर

मी या इंजेक्शनांमधून गेलेय म्हणून लिहिते. माझी आधीची सगळी आठ-नऊ आठवड्यांतच गेलेली, ल्युपस अँटिकोअॅग्युलंट दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आलं होतं. हार्टबीट दिसल्यापासून रोज संध्याकाळी एक, मला नवीन प्रकारचं होतं म्हणून दिवसातून एकदाच. बेंबीपासून दोन-तीन बोटं लांब, कातडीची चिमूट धरायची, सुई सरळ आत, औषध हळू सोडायचं, आणि सुई काढल्यावर चोळायचं नाही, चोळलं की मोठा निळा डाग पडतो. सातव्या महिन्यात पोट इतकं ताणलेलं की चिमटीत कातडी येईना, तेव्हा मांडीवर घेतली. सिरिंजमध्ये तो छोटा हवेचा बुडबुडा असतो तो काढून टाकायचा नाही हे मला नर्सने सांगितलं, त्याआधी आम्ही रोज काढून टाकत होतो आणि थोडं औषधही वाया जात होतं. मुलगी आहे, आता शाळेत जाते.

मी ज्यांच्याकडे जात होते त्यांनी पेपर वगैरे काही दाखवला नव्हता, नुसतं सांगितलं होतं की घ्यायला लागेल. १९ आणि ३२ हे आकडे आज पहिल्यांदा वाचतेय. तेव्हा कळले असते तर जास्त धीराने घेतली असती.

हाडं ठिसूळ होतात म्हणून सासूबाई फार घाबरवायच्या, त्याचं काय?

वैजयंती_प

नंदिनी, तुमच्या लेकीला खूप प्रेम. हाडांचं याच टीमने मोजलंय. १९९९ मध्ये हेपरिन घेणाऱ्या १२३ गर्भार बायकांची हाडांची घनता बघितली, कमरेच्या मणक्यात साधारण ३.७ टक्के कमी झाली. आणि गर्भारपण आणि अंगावर पाजणं यात हेपरिन न घेताही हाडं जवळपास तेवढी उतरतातच. तर सासूबाईंची भीती अगदी निराधार नव्हती, पण हेपरिनच्या माथी मारण्याएवढं त्यात काही निघालं नाही.

त्याच वर्षीचा अजून एक पेपर आहे तो मात्र कुणी सांगत नाही. अॅस्पिरिन-हेपरिन घेणारी १५० गर्भारपणं शेवटपर्यंत बघितली, ७१ टक्के बाळं जिवंत जन्मली, पण त्यातलं जवळपास दर चौथं बाळ नऊ महिने भरायच्या आधी. १९९७ च्या ट्रायलमध्येही यशस्वी झालेल्या ५१ पैकी १२ बाळं ३७ आठवड्यांच्या आत आलेली. म्हणजे पहिले तीन महिने पार पडले की निवांत, असं नाही. बीपी, बाळाची वाढ, सगळं बघत राहावं लागतं.

अभिजित७८

एक मूलभूत शंका. हेपरिन रक्त पातळ करतं, म्हणजे वारेत (प्लासेंटात) गुठळ्या होऊन बाळ जात असणार, बरोबर? मग आठव्या आठवड्यात, जेव्हा वारेत आईचं रक्त नीट वाहायलाही लागलेलं नसतं, तेव्हा गुठळी कुठे होते?

डॉ_मानसी

फार चांगला प्रश्न आहे हो. मी गायनॅक आहे, सांगली भागात. आधी गुठळ्यांचंच समजत होते सगळे. पण लवकर गेलेल्या केसेसमध्ये गुठळ्या फारशा सापडत नाहीत. या अँटीबॉडी बीटा-२ ग्लायकोप्रोटीनला धरून थेट वारेच्या पेशींवर बसतात आणि त्यांना आईच्या अस्तरात रुजू देत नाहीत. शिवाय न्यूयॉर्कला जेन सॅमन आणि जिरार्डी यांनी २००३-०४ मध्ये उंदरांवर दाखवलं की या अँटीबॉडींमुळे कॉम्प्लिमेंट नावाची शरीराच्या संरक्षणाची यंत्रणा पेटते आणि जळजळ होऊन गर्भ जातो. हेपरिन कॉम्प्लिमेंट दाबतं म्हणून उंदरांचे गर्भ वाचले, आणि रक्त पातळ करणारी पण कॉम्प्लिमेंट न दाबणारी दुसरी औषधं दिली तर वाचले नाहीत. मला वाटतं १९९७ च्या पेपरमधली एक ओळ याच्याशी जुळते, १३ आठवडे ओलांडल्यावर दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. हेपरिनचं काम सुरुवातीलाच होत होतं.

माझ्या ओपीडीतलं सांगते. दोन मिसकॅरेज झालेली मुलगी येते, बरोबर आई आणि सासू, आणि हातात मोठी फाइल. एपीएलए निगेटिव्ह. पण एमटीएचएफआर का काहीतरी जीनची टेस्ट पॉझिटिव्ह, त्यावर आधीच्या ठिकाणी हेपरिन चालू केलेलं. मी बंद करूया म्हटलं की सासू म्हणते, "डॉक्टर, असू द्या की, तोटा काय आहे?" तोटा रोजचे पैसे, रोजची सुई, आणि खरं कारण शोधायचं राहून जातं. जन्मजात थ्रोम्बोफिलियाचं (रक्तात गुठळ्या व्हायची उपजत प्रवृत्ती) तर २०२३ ला लॅन्सेटमध्ये आलं, अलाइफ-टू ट्रायल, ३२६ बायका, हेपरिन घेऊन ७२ टक्के बाळं आणि न घेता ७१. आता याहून स्पष्ट काय हवं!

स्मिता_ठाणे

धागा वाचून झोप उडाली. आम्हाला एका क्लिनिकमध्ये (नाव देत नाही) लिम्फोसाइट थेरपी सांगितलीय. मिस्टरांचं रक्त काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून माझ्या हाताच्या कातडीखाली टोचणार. शिवाय एनके सेल्सची (नॅचरल किलर, एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) रक्ताची टेस्ट करून घेतली, ती "हाय" आलीय, त्यासाठी सलाइनमधून इंट्रालिपिड नावाचं स्निग्ध औषध. वरच्या पोस्टमध्ये नवऱ्याच्या पेशींचं जे लिहिलंय ते हेच का? एपीएलए एकदाच केलीय, कार्डिओलिपिन २२.

वैजयंती_प

स्मिताताई, हो, हेच. याची कथा सेंट मेरीजमध्येच सुरू होते, रीगन तिथे जायच्या आधी. १९८५ मध्ये तिथल्या प्रोफेसर मोब्रे यांनी लॅन्सेटमध्ये छापलं, नवऱ्याच्या पेशी टोचलेल्या २२ पैकी १७ जणींना बाळ झालं, स्वतःच्याच पेशी टोचलेल्या २७ पैकी १० जणींना. जगभर लोण पसरलं. मग १९९९ मध्ये कॅरोल ओबर यांची मोठी अमेरिकन ट्रायल लॅन्सेटलाच आली, त्यात पेशी टोचलेल्यांत यश ३६ टक्के आणि नुसतं सलाइन टोचलेल्यांत ४८. फायदा सोडाच, आकडा उलटा. २००२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या एफडीएने सांगितलं की रीतसर ट्रायलच्या बाहेर हे करायचं नाही. दुसऱ्या माणसाच्या जिवंत पेशी अंगात जातात, इन्फेक्शनची जोखीम वेगळीच.

एनके सेल्सबद्दल २००४ चा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला लेख आहे, अॅश्ली मॉफेट, रीगन आणि ब्रॉड यांचा. म्हणणं सरळ आहे. दंडातून काढलेल्या रक्तातल्या एनके पेशी आणि गर्भाशयाच्या अस्तरातल्या एनके पेशी वेगळ्या जातीच्या आणि वेगळ्या कामाच्या. गर्भाशयातल्या उलट आईच्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात, बाळाला मारत नाहीत. रक्तातला आकडा बघून गर्भाशयात काय चाललंय ते कळत नाही, आणि तो आकडा दाबायला स्टिरॉइड किंवा इम्युनोग्लोब्युलिन द्यायला आधार नाही. तेव्हा लंडनमध्ये खाजगी क्लिनिकं हे जोरात विकत होती, त्यांच्या विरोधात उघड लिहिलं. ब्रिटनची प्रजनन उपचारांवर देखरेख ठेवणारी संस्था आजही या इम्यून टेस्ट आणि ट्रीटमेंटची शिफारस करत नाही.

स्टिरॉइडचं वेगळं सांगते कारण ते आपल्याकडे सर्रास लिहितात. लास्किन यांचीच १९९७ ची न्यू इंग्लंड जर्नलची ट्रायल, २०२ बायका, अंगात कुठल्या ना कुठल्या ऑटोअँटीबॉडी असलेल्या. प्रेडनिसोलोनच्याच जातीचं प्रेडनिसोन अधिक अॅस्पिरिन दिलं. बाळं ६५ टक्के विरुद्ध ५६, म्हणजे ठाम फरक नाही. आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेली ६२ टक्के विरुद्ध १२!

रक्तबिंदू

@स्मिता_ठाणे, कार्डिओलिपिन २२ वर काहीही ठरवू नका. १२ आठवड्यांनी परत, तिन्ही टेस्ट, आणि ल्युपस अँटिकोअॅग्युलंट जिथे रोज होते अशाच लॅबमध्ये. नुकतंच मिसकॅरेज झालं असेल तर पहिले सहा आठवडे तसेच सोडा. मुंबईत परळला केईएमच्या आवारातच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, गर्भपात आणि रक्त गोठण्याचे दोष यावर तिथे आपल्याकडच्या बायकांवर काम झालंय, त्यांचे पेपरही वैजयंतीताईंना सापडतील.

मेघना_न्यूजर्सी

मला ल्युपस आहे. एपीएलए निगेटिव्ह, पण रो (ल्युपसमध्ये सापडणारी आणखी एक) अँटीबॉडी पॉझिटिव्ह. इकडचे रुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात की आजार सहा महिने शांत असेल तर हरकत नाही, पण भारतातून आईचे फोन, "मूलच नको, तुझा जीव महत्त्वाचा". याबद्दल कुणी सांगेल का? रीगनबाईंच्या कामात हे येतं का?

डॉ_मानसी

त्यांच्यात नाही, हे न्यूयॉर्कच्या मंडळींचं. प्रॉमिस नावाचा अभ्यास आहे, जिल बायन आणि सॅमन वगैरे, २०१५ ला छापला. ल्युपसच्या ३८५ गर्भार बायका, आजार बऱ्यापैकी शांत असलेल्या, त्यातल्या ८१ टक्के जणींचं काहीही गुंतागुंत न होता पार पडलं. धोका कुणाला जास्त, तर ल्युपस अँटिकोअॅग्युलंट पॉझिटिव्ह, बीपीची औषधं चालू, प्लेटलेट कमी, आजार पेटलेला. रो अँटीबॉडीने बाळाच्या हृदयाचे ठोके मंद व्हायचा धोका असतो पण तो थोड्याच बाळांना, साधारण दोन टक्के, आणि आधीचं बाळ तसं झालं असेल तर जास्त, सुमारे १८. तिथे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या ल्युपसच्या गोळीने तो ७.४ टक्क्यांपर्यंत खाली आला असं बायन यांनीच २०२० ला दाखवलं. ती गोळी गर्भारपणात बंद करू नका, हे मात्र नक्की. आईंना हे ८१ सांगा.

अभिजित७८

वाचतोय, फार माहितीपूर्ण. एक राहिलं, प्रोजेस्टेरॉन, ते गर्भ टिकवणारं हार्मोन. प्रत्येक बाईला देतात की.

वैजयंती_प

थोडक्यात. २०१५ ची प्रॉमिस (वरच्याहून वेगळी, ब्रिटनची), वारंवार मिसकॅरेज झालेल्या ८३६ बायका, जिवंत बाळं प्रोजेस्टेरॉन घेऊन ६५.८ टक्के विरुद्ध न घेता ६३.३, फरक नाही. २०१९ च्या प्रिझम ट्रायलमध्ये मात्र आधी मिसकॅरेज झालेलं असून या वेळी सुरुवातीला ब्लीडिंग होतंय अशांना थोडा फायदा दिसला. तेवढ्यांनाच.

@आकडेमोड, तुमच्या आधीच्या प्रश्नाला अजून एक जोड. २०२३ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या रुमॅटॉलॉजी संघटनांनी या आजाराचे नवीन निकष काढले, त्यात १० आठवड्यांच्या आतल्या तीन मिसकॅरेजना फक्त एक गुण दिलाय, नुसत्या त्यावर आजार ठरतच नाही. हे अभ्यासासाठीचे निकष आहेत, ओपीडीसाठी नाहीत, पण वारं कुठे वाहतंय ते कळतं. मला स्वतःला हे पटलेलं नाही, १९९५ चे २० पैकी १८ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत, आणि रॉयल कॉलेजने २०२३ च्याच मार्गदर्शक तत्त्वांत अशा बायकांना अॅस्पिरिन-हेपरिन द्यायचं कायम ठेवलंय.

आकडेमोड

२० आकडा लहान आहे हो ताई, कितीही डोळ्यांसमोर राहिला तरी. पण विश्वासाने लिहिताय ते पोचलं.

स्मिता_ठाणे

लिम्फोसाइटची अपॉइंटमेंट रद्द केली. मिस्टरांनाही धागा वाचायला दिला. दुसरी टेस्ट बारा आठवड्यांनी, परळला चौकशी करतेय. पण समजा तीही निगेटिव्ह आली तर? म्हणजे मला काहीच ट्रीटमेंट नाही का? हे ऐकायलाच जास्त भीती वाटतेय.

वैजयंती_प

स्मिताताई, नाही हो. सेंट मेरीजचाच १९९७ चा आणखी एक पेपर आहे, क्लिफर्ड, राय आणि रीगन. सगळ्या टेस्ट नॉर्मल आलेल्या २०१ बायका. दिवस गेल्यावर त्यांच्या खास अर्ली प्रेग्नन्सी क्लिनिकला येत राहिलेल्या १६० जणींत मिसकॅरेज २६ टक्के, न आलेल्या ४१ जणींत ५१. औषध कुणालाच नाही. कारण सापडत नाही त्यांच्यातल्या बहुतेकींचं पुढचं टिकतं. आकडेमोड लगेच म्हणतील की या चिठ्ठ्या काढून केलेल्या जोड्या नाहीत, ज्यांना धीर धरवला त्याच आल्या असतील, आणि ते बरोबरच आहे. पण नॉर्मल रिपोर्ट ही चांगली बातमी आहे हे त्यावरून नक्की म्हणता येतं.

डॉ_मानसी

मी माझ्याकडे त्यावरूनच करते. प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली की फोन करायचा, सहाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला बोलवायचं, सोनोग्राफी करून स्क्रीन तिच्याकडे वळवून हार्टबीट दाखवायचे, आणि मध्ये कधीही शंका आली तर सरळ यायचं, रांग नाही, केस पेपर नाही. बारा आठवडे होईपर्यंत. नवऱ्याला बरोबर आणायला सांगते, सासूबाई आल्या तर त्यांनाही स्क्रीन दाखवते. फोलिक अॅसिड सोडून काही लिहून देत नाही, आणि का देत नाही ते पहिल्याच भेटीत कागदावर लिहून देते, म्हणजे घरी गेल्यावर कुणी विचारलं तर तिला दाखवता येतं. स्मिता, तुमच्या डॉक्टरांना विचारा, आठवड्याला एकदा दहा मिनिटं द्याल का म्हणून. ठाण्यात नक्की कुणी ना कुणी देईल, नाही मिळालं तर मला मेसेज करा, ओळखीचे आहेत तिकडे.